वह्या वाटपाच्या फोटोत मुलांचे चेहरे नकोत

मा. संपादक, स. न.

३१ वर्षं मी इचलकरंजीत शाळेचे गणवेश शिवते. जून आला की आपल्या पेपरात ‘गरजू विद्यार्थ्यांना वह्या वाटप’ असे फोटो येतात. मधे देणारे आणि कडेला वह्या छातीशी धरलेली पोरं. त्या पोरांसाठी हे पत्र.

परवा वाचनालयातून आनंद यादवांची ‘झोंबी’ पुन्हा आणली. १९८७ सालची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी, तिला १९९० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कागल आमच्या जवळचंच, त्यामुळं त्यातली बोली घरातली वाटते. या पुस्तकाविषयी बोलताना सगळे शिक्षणासाठीच्या धडपडीचं कौतुक करतात, आणि ते खरंच आहे. मी मात्र दर वेळी पाचवीच्या वर्गापाशी अडते. बापानं शाळा सोडवलेला आनंदा आईच्या खटपटीनं परत वर्गात येतो. बरोबरीची पोरं पुढं गेलेली. अंगावर मातीनं मळलेलं धोतर. एक पोरगा त्याचं फडकं ओढून घेतो, स्वतःच्या डोक्याला गुंडाळतो आणि मास्तरांची नक्कल करतो. मधल्या सुट्टीत धोतराचा काष्टा ओढायला बघतात, म्हणून हा भिंतीला पाठ लावून बसून राहतो. मळ्यातल्या कष्टानं न हरलेलं पोर एका दिवसात म्हणतं, यापेक्षा आपला मळाच बरा. मग आईकडं काय मागतं, तर टोपी आणि चड्डी.

मी सातवीत असताना एका कार्यक्रमात मला गणवेशाचं कापड मिळालं. फोटो पेपरात आला. वडील कापडाच्या मागावर कामाला होते, आई घरी सुताच्या कांड्या भरायची. वडिलांना तो फोटो चहाच्या गाड्यावर कुणीतरी दाखवला. घरी येऊन ते काहीच बोलले नाहीत, पण पुढं आठ दिवस कामावर दुसऱ्या गल्लीनं गेले. कापड चांगलं होतं. दोन वर्षं वापरलं मी ते.

आताही आया येतात आणि म्हणतात, “ताई, खाली चार बोटं दुमड जास्त ठेवा.” पुढच्या वर्षी दुमड सोडली की आतलं कापड गडद निघतं आणि जुन्या घडीची पांढरट रेघ दिसते. कितीही धुवा, ती जात नाही. मुली दप्तर पुढं धरून ती झाकतात. मी त्यावर त्याच रंगाची पट्टी मारून देते, त्याचे पैसे घेत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की देणाऱ्यांची नावं जरूर छापा, वह्यांच्या गठ्ठ्यांचा फोटो छापा, पण मुलांचे चेहरे आणि नावं नकोत. शाळांनीही वर्गासमोर यादी वाचू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात मुलांना मानसिक त्रास देण्याला मनाई आहे. सगळ्यांदेखत ‘गरजू’ म्हणून उभं राहण्याचा त्रास मला माहीत आहे.

गेल्या वर्षी एका शाळेतल्या बाईंनी दहा मुलांच्या गणवेशाचे पैसे माझ्याकडं आधीच भरले आणि नावं कानात सांगितली. ती मुलं सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहिली, मापं दिली, आणि चार दिवसांनी इतरांसारखीच पिशवी घेऊन गेली. एकानं तर बाही थोडी आखूड झाली म्हणून माझ्याशी वादही घातला. मी ती दुरुस्त करून दिली.

– शिवणकाम करणारी एक वाचक, इचलकरंजी