आइनस्टाइनचा बुधसुद्धा नीच राशीतच होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत थोर शास्त्रज्ञ, विचारवंत, कलाकार यांच्या पत्रिका छापून येतायत. गेल्या वेळी आइनस्टाइनची होती, ती मी दोनदा वाचली आणि कापून ठेवली. जन्म १४ मार्च १८७९, जर्मनीतलं उल्म, सकाळी साडेअकरा. मिथुन लग्न (जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास), दशमात म्हणजे दहाव्या घरात मीनेमध्ये रवी, बुध, शुक्र, शनी. म्हणजे बुध नीच राशीत, जिथे तो सगळ्यात दुबळा मानतात, आणि चंद्र वृश्चिकेत म्हणजे तोही नीच. लेखात म्हटलंय की शुक्र उच्चीचा म्हणजे सगळ्यात बलवान असल्यामुळे बुधाचा नीचभंग झाला, म्हणजे त्याचा दुबळेपणा गेला, राजयोग झाला, म्हणून एवढी बुद्धी.

आमच्या वाडीत एक मुलगी आहे, माझ्याकडे शिकवणीला यायची. गणित इतकं सुरेख की एखादं उदाहरण दोन रीतींनी सोडवून आणायची आणि यातली कुठली बरी बाई, असं विचारायची. तिचाही बुध मीनेत. दहावीचा रिझल्ट लागल्यावर घरच्यांनी पत्रिका एका ज्योतिषांना दाखवली, ते म्हणाले बुध नीचीचा आहे, सायन्स झेपणार नाही, कॉमर्सला घाला. घातली. नंतर ती पत्रिका मी स्वतः बघितली, तिच्याही मीनेत शुक्र आहे, पण तिचा नीचभंग काढायला कोणी बसलं नाही, कारण ती अजून कोणी मोठी झालेली नाहीये ना. आइनस्टाइन मोठा झाला हे आधी माहीत होतं म्हणून त्याचा राजयोग सापडला. माझा सगळा जीव या एका गोष्टीवर तुटतो म्हणून हे पत्र.

आणि बुध मीनेत असणं म्हणजे काय तर तो दरवर्षी होळीच्या आगेमागे किंवा त्यानंतर दोन-तीन आठवडे तरी तिथे असतोच, वक्री झाला, म्हणजे उलटा सरकताना दिसला, तर आणखी जास्त. त्या दिवसांत जगभरात जेवढी पोरं जन्मली त्या सगळ्यांचा बुध नीचीचा. सगळ्यांनी सायन्स सोडायचं का?

मला पत्रिका म्हणजे काय ते माहीत नाही असं कृपया समजू नका. माझे वडील जोशी होते, दापोलीजवळच्या आमच्या गावात पंचक्रोशीतल्या पत्रिका तेच लिहायचे, पडवीत बसून, मांडीवर पाट घेऊन. बाळ झालं की लोक वेळ सांगायला यायचे, कोणी सांगे गुरं सोडली तेव्हा, कोणी सांगे बांग झाली तेव्हा, कोणी सांगे भरती लागली होती. वडील सगळं ऐकून घ्यायचे, हिशोब करायचे, आणि पत्रिकेच्या वर लाल शाईने लिहायचे 'वेळ अंदाजे'. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं, दोन तासांत रास बदलते, मग अंदाजाची वेळ ठाम कशी म्हणायची, असं ते म्हणायचे.

तुमच्या पुरवणीत एकाही पत्रिकेवर अंदाजे लिहिलेलं नाही, वेळ कुठून मिळाली तेही नाही. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. तेव्हा देशभर एक घड्याळ नव्हतंच, १९०६ साली आली ती प्रमाण वेळ. त्यानंतरही मुंबईने आपला बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत चालवला, तो ३९ मिनिटं मागे. ३९ मिनिटं म्हणजे लग्नाचे जवळजवळ दहा अंश! जुन्या माणसाची वेळ कोणी मोबाईलच्या सॉफ्टवेअरमध्ये तशीच टाकली तर काय येईल ते येईल. केशवसुतांचं तर विचारूच नका, मालगुंडला त्यांचं स्मारक आहे तिथे आम्ही शाळेची सहल नेली होती, पण त्यांच्या जन्माच्या १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशा दोन तारखा पुस्तकांत येतात. जवळजवळ पावणेसात महिन्यांचा फरक! कुठली पत्रिका छापणार?

आता पंचांगाचं. आपल्या कोकणात टिळक पंचांग मानणारी घरं आहेत हे तुम्हाला सांगायला नको, अधिक मासाच्या वर्षी त्यांचे गणपती कधी कधी महिनाभर आधी येऊन जातात. टिळक पंचांग रेवतीच्या ताऱ्यावरून अयनांश धरतं, म्हणजे राशीचक्राचा आरंभ कुठून मोजायचा ते ठरवतं, आणि बाकीची बहुतेक पंचांगं चित्रावरून, दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. नक्षत्राचा एक चरण म्हणजे चौथा भाग, ३ अंश २० कलांचा. म्हणजे त्याच बाळाचा त्याच क्षणाचा चरण दोन पंचांगांत वेगळा येणारच, नावरस नावाचं, म्हणजे चरणावरून ठेवायच्या नावाचं, पहिलं अक्षर बदलणार, आणि चंद्र राशीच्या शेवटच्या चार अंशांत असेल तर रासच बदलणार. शेजारशेजारच्या दोन घरांत असं झालेलं मी बघितलंय. पुरवणीतल्या पत्रिका कुठल्या अयनांशाने केल्या ते कुठेच छापलेलं नाही.

दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, त्यांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत लिहिला. वेदांग ज्योतिष या आपल्या प्राचीन ग्रंथात नक्षत्रं आहेत पण मेष वृषभ या राशी नाहीत. ग्रहगणित ही एक गोष्ट आणि जातक म्हणजे पत्रिकेवरून भविष्य सांगणं ही वेगळी, हे कळायला आपल्याच माणसाचा एवढा ग्रंथ असताना आपण दोन्हींची सरमिसळ करून पोरांच्या हातात का द्यायची?

आणि डॉ. जयंत नारळीकरांची चाचणी तरी आठवा, २००८ सालची. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे पत्रिका, नावं झाकलेली. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून कुठलं मूल कुठलं ते कळवलं. सरासरी ४६ टक्के बरोबर आली, नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. थोरांची नावं झाकून ठेवा आणि मग सांगायला सांगा यातला शास्त्रज्ञ कुठला, कीर्तनकार कुठला.

त्या मुलीचा भाऊ यंदा नववीत आहे. आई परवा त्याची पत्रिका आणि तुमची पुरवणी दोन्ही घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली बाई, याच्यात आइनस्टाइनसारखं काही आहे का बघा. मी तिला म्हटलं त्याची गणिताची वही घेऊन ये.

म्हणून विनंती एवढीच. सदर बंद करा असं मी म्हणत नाही, लोकांना आवडतं. पण प्रत्येक पत्रिकेखाली जन्मवेळ कुठून घेतली, कुठलं पंचांग धरलं हे छापा, वेळ माहीत नसेल तर वडील लिहायचे तसं 'अंदाजे' छापा, आणि आइनस्टाइनच्या बुधाबद्दल लिहिलंत तसं त्या महिन्यात जन्मलेल्या बाकीच्या पोरांच्या बुधाबद्दलही दोन ओळी लिहा. दहावीचे रिझल्ट लागायच्या आधी आलं तर फार बरं होईल.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, ता. दापोली