मैनापीच्या वाटेवरची वझर

फोंडा, गोवा

ती. आई-बाबांस,
सा. न.

सोबत दोन फोटो मोठे छापून पाठवते आहे. नेत्रावळीच्या अभयारण्यात मैनापीचा धबधबा आहे, त्याच्या वाटेवर ही छोटी वझर लागते. सगळे मोठ्या धबधब्याच्या ओढीने हिच्यासमोरून पुढे निघून जातात. उंची बाबांपेक्षा थोडी जास्त. पण पाणी मधल्या एका मुळावर आपटून दोन धारांत फुटतं, आणि धारांमधल्या कातळावर इतकं दाट शेवाळ आहे की माझा पाय तिथून हलेना.

आम्ही उजाडताच निघालो होतो, कारण ऊन वर आलं की ते पानांतून गळून पाण्यावर पांढरे डाग पाडतं आणि फोटोत तिथे काहीच उरत नाही. बाबा, तुम्ही विचाराल म्हणून लिहिते: पहिला फोटो ट्रायपॉडवरून, आयएसओ (आई, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय ते) 100, शटर अर्धा सेकंद. लेन्सवर पोलरायझर लावून तो हळूहळू फिरवला. ओल्या कातळावरची चकाकी गेली आणि काळ्या दगडातला तांबूस रंग वर आला. हा फिल्टर उजेडही कमी करतो, त्यामुळे शटर संथ ठेवायला मदतच होते. काहीजण शटर पुष्कळ वेळ उघडं ठेवून पाण्याचा नुसता धूर करतात. मला ते पटत नाही. अर्ध्या सेकंदात धारेचा पीळ शाबूत राहतो.

दुसरा फोटो सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा. आयएसओ वाढवावा लागला, म्हणून जरा रवाळ आलाय. पण त्यात मुळावरून उडालेला एकेक थेंब सुटा दिसतो. आई, तुला हाच आवडेल.

लहानपणी बाबांनी मला रेल्वेच्या खिडकीशी उभं करून दूधसागर दाखवला होता. 310 मीटरचा तो धबधबा काही क्षणांत मागे पडला, आणि मी रडले होते. इथे गाडी सुटायची घाई नव्हती. पोटभर बघून घेतलं, तुमच्या वाटचंही.

मैनापीची चढण बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून तो हट्ट मी धरत नाही. पण नेत्रावळी गावात गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी आहे. तिच्या तळातून सतत बुडबुडे वर येत असतात. तिथे फार चालावं लागत नाही. दिवाळी झाली की याच. बाबांच्या गोळ्या तेवढ्या पुरेशा आणा. मी सुट्टी टाकून ठेवते.

तुमची लेक