वीस पटाची अट

महोदय,

१५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (शाळेला किती शिक्षकपदे मंजूर करायची ते ठरवण्याच्या) शासन निर्णयानुसार सहावी ते आठवीचा पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, २० च्या खाली गेला की नियमित शिक्षकाचे पदच मंजूर होत नाही. शिक्षक नाही म्हणून पालक पोराला तालुक्याच्या खासगी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतात, पट आणखी घसरतो आणि वर 'गुणवत्ता नाही' हा शेराही झेडपीच्या शाळेच्याच माथी! शिक्षण हक्क कायदा तर या वर्गांना गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्रे यांचे स्वतंत्र शिक्षक द्यायला सांगतो. डोंगरातल्या वाडीत मुळात पोरेच किती? तीन किलोमीटरच्या आत दुसरी उच्च प्राथमिक शाळा नसेल, तिथे तरी ही अट लावू नये.

– एक पालक, अकोले