बर्फाची नोंद पुन्हा तुटू देऊ नका

माननीय विज्ञानमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

माझ्या कॉम्प्युटरवर ग्रीनलंडच्या बर्फाचा आलेख कायम उघडा असतो. २००२ पासूनची ही रेघ दर उन्हाळ्यात कोसळते, हिवाळ्यात थोडी सावरते, पण एकंदरीत उतरतच जाते. २०१७ च्या मध्यावर ती तुटते आणि पुढे जवळपास वर्षभर जागा कोरी. हे मोजणारी ग्रेस नावाच्या उपग्रहांची जोडी थकली होती, नवी जोडी मे २०१८ मध्ये वर गेली. मधल्या काळात बर्फाचं वजन असं कुणी केलंच नाही. वजनच म्हणायचं, कारण हे दोन उपग्रह साधारण २२० किलोमीटर अंतर राखून एकामागोमाग फिरतात. खाली वस्तुमान जास्त असलं की आधी पुढचा किंचित ओढला जातो, मग मागचा. अंतरातला केसाच्या जाडीहूनही कमी फरक टिपून किती बर्फ घटला ते काढतात.

‘आता बर्फाची कॉम्प्युटर मॉडेलं आहेत की, मोजणी कशाला?’ असं आपल्याला कुणी सांगेल. आहेत, मी तीच चालवतो. पण भविष्य विचारण्याआधी मॉडेलकडून गेल्या तीस वर्षांची उजळणी करून घ्यावी लागते, आणि तिथेच ते बरेचदा चुकतं. पश्चिम अंटार्क्टिकातली थ्वेट्स हिमनदी समुद्रसपाटीच्या खाली, खडकावर टेकलेली आहे आणि तो खडक आत जावं तसा खोल होत जातो. टेकलेली कड मागे सरकली की तिथला बर्फ आणखी जाड, आणि जाड बर्फ समुद्राकडे आणखी वेगाने वाहतो. तळाशी घर्षण किती, हे सगळीकडे खणून बघणं अशक्य. रडार उपग्रहांनी मोजलेल्या पृष्ठभागाच्या वेगावरून उलटं गणित मांडून ते काढतो. वेग नाही तर घर्षण नाही, मग मॉडेल म्हणजे नुसती रंगीत चित्रं. (बैठकांत तीच जास्त आवडतात, हेही खरं.)

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानेही बर्फाबद्दलच्या याच अनिश्चिततेपोटी २१०० पर्यंत समुद्र दोन मीटरच्या आसपास चढण्याची शक्यता नाकारलेली नाही. बंधारा किती उंच बांधायचा, हे त्या आकड्यावर ठरतं.

म्हणून विनंती एवढीच, की चालू उपग्रह बंद पडायच्या आत पुढच्याला मंजुरी द्या. साडेतीन वर्षांसाठी बनवलेला, बर्फाची उंची मोजणारा क्रायोसॅट-२ उपग्रह दहा वर्षांहून जास्त राबला, पण प्रत्येक वेळी नशीब साथ देईल असं नाही. आणि त्याच फाइलीत डेटा तपासणाऱ्या माणसांच्या पगाराचीही तरतूद असू द्या. ती बहुतेक वेळा राहून जाते.

आपला,
बर्फाची मॉडेलं चालवणारा एक संशोधक