ठाण्याच्या कोटाला सिमेंट लावू नका : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह मुळात किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला हा कोट पुरा होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी जिंकला. डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. इंग्रजांच्या कैदेतले, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये इथूनच निसटले. बाहेरचा मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा) मराठी गाण्यांतून बेत कळवत होता आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातले अवाक्षर कळले नाही, असे सांगतात. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिली गेली.

हे सगळे पाहिलेला तट टिकायचा, तर दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सिमेंट नको. काळ्या दगडातून पाणी फारसे जात नाही; ते जाते-येते दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून. सिमेंटने दरजा बंद केल्या की वरून शिरलेले पाणी आत अडकते, आतल्या भरावाचा चुना धुपतो आणि भिंतीला पोट सुटते. बाहेरून मात्र काम नवे कोरे दिसते, म्हणूनच बिल मंजूर होते. खाडीच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर घडते.

दरजांत आधी सिमेंट भरलेले असेल, तर ते छिन्नीने हलक्या हाताने काढावे. यंत्र लावले तर दगडाच्या कडा उडतात. दरज रुंदीच्या दुप्पट खोल साफ करून भिजवावी. चुना निदान महिनाभर पाण्यात विरवलेला हवा. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली गोडी (खारी नसलेली) वाळू. पावसाचा मारा बसतो तिथे थोडी विटांची सुरखी (भुकटी) घालावी. भरल्यावर ओली गोणपाटे किमान आठवडाभर. काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चअखेर आटोपावे, कारण कडक उन्हात चुना पकड घेण्याआधीच वाळतो आणि भुगा होऊन गळतो.

तटात उगवलेला पिंपळ ओढून काढू नये, मुळाबरोबर दगड येतात. बुंधा कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावे, मूळ पूर्ण मेल्यावरच दरज उघडावी.

कारागृह उद्या हलवायचे की नाही, तिथे संग्रहालय करायचे की आणखी काही, हा निर्णय सरकारचा. पण तुरुंगाच्या काळातल्या कोठड्या आणि फाशीची जागा ‘नंतरचे बांधकाम’ म्हणून पाडू नयेत. त्याही या वास्तूच्याच आहेत.

निविदेआधी तटाच्या एक चौरस मीटरवर चुन्याचा नमुना करून घ्यावा, एक पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा आणि मगच दर ठरवावेत, ही विनंती.

आपले,
चुन्या-दगडाच्या कामातले ठाणेकर