श्रम वाचले ते नेमके कोणाचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

औद्योगिक युगातील श्रम वाचवणाऱ्या यंत्रांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडीने वाचला. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचा, म्हणजे एली व्हिटनी यांच्या ‘जिन’चा, उल्लेख मात्र त्यात एका ओळीत आटोपला आहे. मी कापूस पिकवणाऱ्या घरातला असल्यामुळे त्यात राहून गेलेली बाजू कळवावीशी वाटली.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील आखूड धाग्याच्या कापसात तंतू सरकीला घट्ट चिकटलेले असत, आणि हाताने सोलायला बसल्यास दिवसभरात एका माणसाकडून जेमतेम पौंडभर रुई निघे. व्हिटनी यांनी १७९३ मध्ये तयार केलेल्या यंत्रात तारेचे आकडे बसवलेला रूळ फिरताना तंतू अरुंद फटींतून ओढून घेई, सरकी फटींच्या अलीकडच्या बाजूलाच अडून राही आणि मागचा ब्रश आकड्यांवरची रुई झाडून काढी. हाताने फिरवायच्या यंत्रावरही दिवसाला ५० पौंडांपर्यंत रुई निघू लागली.

सरकी काढण्याचे श्रम वाचले हे खरे. पण सरकीची अडचण संपताच, इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांना लागेल तेवढा कापूस पेरणे तिथल्या मळेवाल्यांना परवडू लागले आणि तो वेचण्याचे काम हातांवरच राहिले. ते हात गुलामांचे होते. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये ३९ लाखांवर गेली आणि व्हर्जिनिया, मेरीलँडकडची कुटुंबे ताटातूट करून अलाबामा, मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात विकली गेली. याचा सगळा दोष एका यंत्राला देणे बरोबर नाही, पण हा भाग गाळून त्या यंत्राचे कौतुक करणे मला पटत नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तिकडचा कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली आणि पुढे आपल्याकडेही जिनिंग उभे राहिले. वेचणी मात्र आजही बायांच्या बोटांवर आहे. माझी आई कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचत असे. वाळलेल्या बोंडांची टोके नखांच्या कडेला रुतून बोटे चिरत आणि रात्री ती त्यांवर गोडेतेल चोळत बसे. आज आमच्या शेतात येणाऱ्या बायांची बोटेही तशीच असतात.

वेचणीचे यंत्र अमेरिकेतही १९४० च्या दशकातच बाजारात आले. आपल्याकडे बोंडे एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचे घ्यावे लागतात आणि दोन-चार एकरांच्या शेतात ते अवजड यंत्र परवडतही नाही. म्हणून लहान शेतासाठी हाताने चालवायच्या वेचणीयंत्रांचे काम कुठवर आले आहे, हे आपल्या प्रतिनिधीने कृषी विद्यापीठांत आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत जाऊन विचारावे आणि ती यंत्रे हाताळून पाहिलेल्या मजूर बायांचे म्हणणेही त्यांच्याच शब्दांत छापावे, ही विनंती.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
जि. यवतमाळ