उद्याचं शब्दकोडं संगीताचं आहे, वाचून घ्या
मंडळी, उद्या सकाळी 7 ला ग्रुपवर कोडं पडेल, थीम संगीत, त्यामुळं कुठं 'राग' दिसला की लगेच चिडलेला माणूस शोधत बसू नका. नमुना घ्या, 'राजा खरा पण जवळ मनी नाही', दोन अक्षरं. उत्तर भूप, कारण त्या रागात म आणि नी लागतच नाहीत! सगळी अशीच वाकडी आहेत. जोडाक्षराला एकच चौकोन, म्हणजे बागेश्री तीन घरांत बसतो. रात्री 9 च्या आत उत्तरं ग्रुपवर टाकू नका ओ, बाकीच्यांचा मूड जातो. गूगल करणाऱ्याला शेंगाचटणीचं पाकीट नाही. आडवं 6 अडलं तर जेजुरीच्या देवाला विचारा, पावसाळ्यात तर लगेच सुटेल.